बूड

आम्ही कूलर बांधतो. फाटकं, जिन्याचे कठडे,
टाकीचे स्टँड. हिंगणा एमआयडीसीत,
टायरवाल्याच्या मागे, दोन शटर.
नावेची ऑर्डर आली तेव्हा बाबा म्हणाले,
कूलरमधी पाणी आत ठेवाचं, हिच्यात बाहेर.
तेवढाच तं फरक.

अंबाझरीतली जलपर्णी काढायला हवी होती ती.
पाच मीटर लांब, दोन रुंद, सरळ पेटी,
टोकाला जराही निमुळती नाही.
माझ्या डिप्लोमाच्या वह्यांत
बोटीचं एकही चित्र नव्हतं,
पण लोखंडाचं वजन पाठ होतं:
चौरस मीटरला, मिलिमीटरमागे,
सात किलो आठशे पन्नास ग्रॅम.

जुन्या बिलाच्या पाठीवर मांडलं.
बूड दहा चौरस मीटर, चारी भिंती मिळून नऊ पूर्णांक आठ,
पत्रा चारचा: सहाशे बावीस किलो.
अँगल आणि फासळ्या एकशे दहा.
इंजिन, डिझेलसकट, अडुसष्ट.
आठशे.
मग तो सोपा, जवळजवळ लाजवणारा भागाकार:
एवढं बूड एक सेंटिमीटर खाली जायला
शंभर लिटर पाणी बाजूला व्हावं लागतं.
शंभर किलोला एक.
म्हणजे आठ.
आधी खडूनं, मग पांढऱ्या ऑइलपेंटनं
मी बाहेरून रेघ मारली.

सुकरू नान्हे बघायला आले,
तळ्यावर जाळं टाकण्यात हयात गेलेले.
त्यांनी रेघेकडे पाहिलं नाही.
बोटाच्या पेरानं बूड वाजवलं, टरबूज वाजवतात तसं,
सरकून दुसरीकडे वाजवलं, कान लावला.
मग पंजा आडवा धरला भिंतीला, बुडापासून:
"चार बोटं. अन् हा अंगठा."
अंगठा माझ्या रेघेच्या वर.
मी हसले नाही. बेतात होते.
बाबांनी वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली
आणि जिथे काही जोडायचं नव्हतं
तिथे वाकले.

तळ्याकाठी हायड्रा आला. पट्टे ताणले,
डोंगा टेकला, डुलला, निवला,
आणि रेघ पाण्याखाली.
फुटपट्टीनं तीनदा मोजलं. नऊ.

एका क्विंटलचा हिशेब लागेना.
तळं म्हणजे धर्मकाटाच, कळमन्यातल्या काट्याहून खरा,
फक्त पावती देत नाही.
वेल्डिंगचे रॉड धरले, रेड ऑक्साइड धरलं,
दोर ओवायच्या कड्या. ओढूनताणून साडेएकवीस.
उरले साडेअठ्ठ्याहत्तर.
हा आकडा ओळखीचा होता,
दशांशचिन्ह एक घर सरकवलं की.
दहा चौरस मीटर. एक मिलिमीटर जास्त.

बाबा हायड्रावाल्याचे पैसे मोजत होते,
पुन्हा पुन्हा.
"पाचचा लावला," म्हणाले, "बुडाले."
बुडाले म्हणजे बुडाला. आमच्याकडे असंच म्हणतात,
पुस्तकात वाचलं तर वाटेल सगळे बुडाले.
"लोहा ओळीत चारचा पाह्यला. हातात घेतला,
मन नाई झालं."
बिलात मात्र चारच.
साडेअठ्ठ्याहत्तर किलो, पासष्टच्या भावानं,
मी गुणाकार अर्ध्यात सोडला.
लोखंडाचा एक मिलिमीटर
पाण्यात जवळपास आठ होतो.
नान्हे काही बोलले नाहीत.
पंजा पाण्यात धुतला फक्त.

मग माणसं चढली, चौघं, दाताळी घेऊन,
आणि कुणीतरी म्हणालं, शेठ, तुम्ही बी या नं.
बाबांना पोहता येत नाही.
कूलरच्या टाकीपेक्षा खोल पाण्यात
ते कधी उतरले नाहीत.
चपला काठावर ठेवल्या, एकीत एक,
आणि पाय टाकला आत.
बासष्ट किलो. सहा मिलिमीटर, वर थोडं.
मला ते सहा मिलिमीटर बघायचे होते.
उकिडवी बसले, फुटपट्टी लावली,
पण ते उभे कापत होते की डोंगा,
पाणी पट्टीवर चढायचं, उतरायचं,
एका आकड्यावर थांबेना.